एकाच बागेची रेड वाईन: आमच्या जुन्या शिराजचा अनुभव

आमच्या कवठेमहांकाळ भागात द्राक्ष म्हणलं की सोनाका, तास-ए-गणेश नाहीतर बेदाणा. वाईनच्या बागेचं नाव काढलं की जुनी माणसं अजून हळहळतात. २००१ ला राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, पलूसला वाईन पार्क झालं, तेव्हा बऱ्याच जणांनी शिराज, कॅबरने या रेड वाईनच्या द्राक्षजाती लावल्या आणि पुढं २००९-१० च्या सुमाराला मागणी पडली तशा बागा उपटल्या, कुणी त्याच खोडावर खायच्या द्राक्षाचं कलम केलं. आमच्या तात्यांनी आणि चुलत्यांनी २००३ ला लावलेली एक एकर शिराज मात्र ठेवली. माल दरवर्षी वायनरीला जायचा आणि दहा जणांच्या मालात मिसळून जायचा. त्या एका एकराची वाईन वेगळी काढायची हे माझ्या डोक्यात कधीपासून होतं, ते शेवटी जमलं. जुनी बाग राखून असलेले अजून काही जण आहेत, त्यांच्यासाठी लिहितोय.

आधी जुनी म्हणजे किती जुनी ते सांगतो. ऑस्ट्रेलियात बारोसा व्हॅलीत ३५ वर्षं झाल्याशिवाय वेलीला जुनी म्हणत नाहीत, १०० च्या वरच्या वेलींचा वेगळा वर्ग आहे, आणि तिथं १८४३ साली लावलेली शिराज अजून फळ देते. त्यापुढं आमची बाग पोरगीच आहे. पण आपल्याकडं वर्षातनं दोनदा छाटणी होते, वेल कधी नीट झोपतच नाही, त्यामुळं पंधरा-सोळा वर्षांत बाग थकली म्हणून काढतात. आपल्या हिशोबानं वीस वर्षांच्या पुढची बाग म्हातारीच. आणि २०१६ ला मिरजेतनं लातूरला रेल्वेनं पाणी जात होतं त्या उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यावर तगलेली वेल आहे ही, मुळं मुरमात खोल गेलेली आहेत, तिला आता फार पाणी लागत पण नाही.

पहिलं काम घरातलं. सातबारा सामाईक, चुलत भावांचं म्हणणं की हे काढून खायची द्राक्षं करू, एकरी दहा-बारा टन निघतात, हे चार टनाच्या आतच. हिशोबानं त्यांचं बरोबरच होतं. मी म्हणलं, तुमच्या वाट्याला मागच्या वर्षी जेवढं आलं तेवढं मी देतो, जास्तीचं नफानुकसान माझं. हे कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घेतल्या. सामाईक बाग असेल तर तोंडी काहीच ठेवू नका.

दुसरं काम वायनरी. आपण घरी गाळून विकू शकत नाही, लायसन लागतं, म्हणून लायसनवाल्याकडंच करून घ्यावं लागतं. दोन ठिकाणी नाही म्हणाले आणि कारण खरं होतं, एवढ्या थोड्या मालानं मोठी टाकी अर्धी रिकामी राहते आणि वर हवा राहिली की वाईन बिघडते. शेवटी एकांकडं झाकण रसाच्या पातळीपर्यंत खाली येणारी छोटी टाकी होती, ते तयार झाले. अट एकच घातली, आमच्या टाकीत दुसऱ्याचा एक क्रेट पण पडणार नाही, आणि पडला तर बाटलीवर बागेचं नाव टाकायचं नाही.

बागेतलं काम खायच्या द्राक्षाच्या उलटं. मणी फुगवायला घड जीएत (जिबरेलिक ॲसिडच्या पाण्यात) बुडवतात ते डिपिंग नाही, कारण मणी फुगवायचाच नाही, रंग आणि चव सालीत असते आणि मणी जितका बारीक तितकी रसाच्या मानानं साल जास्त. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर डाऊनी या बुरशीच्या रोगावर लक्ष ठेवलं, घड विरळले, शेवटी पाणी तोडत आणलं. काढणी कधी करायची यावर मात्र सगळ्यांचा जीव टांगणीला. रसातली साखर मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर २३ ब्रिक्स दिसलं तसा वायनरीचा माणूस म्हणाला काढा, वर आभाळ पण आलेलं, अवकाळीची भीती. तात्या माळकरी, आयुष्यात वाईनचा थेंब तोंडात घातला नाही, पण ते रोज सकाळी बागेत जाऊन मणी फोडून बी चावून बघायचे. बी हिरवट असली की जीभ आवळून येते, तपकिरी झालेली कडकन फुटते आणि भाजलेल्या शेंगदाण्यासारखी लागते. तात्या म्हणाले, "अजून हिरवी हाय, थांबा." थांबलो. २४ च्या वर गेल्यावर पहाटे बॅटरी लावून काढणी केली, ऊन चढायच्या आत क्रेट वायनरीत पोचले.

पुढचं बघायला मी रोज जायचो. देठं काढून मणी फोडले आणि सालीसकट टाकीत. आंबायला लागलं की गॅसनं साली वर येऊन जाड थर बसतो, तो दिवसातनं दोनदा दाबून रसात बुडवायचा, नाहीतर रंग उतरत नाही आणि वरचा थर आंबट होतो. टाकीचं तापमान २८ च्या वर जाऊ द्यायचं नाही, आपल्या मार्चमध्ये हे कूलिंगशिवाय शक्यच नाही. साखर संपल्यावर साली दाबून काढल्या, मग दुसरं आंबवणं, ज्यात मॅलिक आम्लाचं लॅक्टिक होतं आणि आंबटपणाची धार जाते. मग ओकच्या पिंपात. एक पिंप २२५ लिटरचं, म्हणजे ३०० बाटल्या. पिंपातनं हळूहळू उडून जातं तेवढं भरत राहायचं, तेही आमच्याच वाईननं, म्हणून थोडी बाजूला राखलेली.

सगळ्यात जास्त वेळ लेबलनं खाल्ला. उत्पादन शुल्क खात्याकडं लेबल मंजूर झाल्याशिवाय बाटली विकता येत नाही, आणि त्यावरचा एक शब्द बदलला तरी परत फाईल. ते काम वायनरीनं केलं, पण पिंपात घातल्या घातल्या अर्ज करायला लावा.

चवीचं म्हणाल तर त्याच वायनरीची मिसळलेली शिराज शेजारी ठेवून प्यालो. आमचीला काळी मिरी जास्त, जिभेवर जास्त वेळ राहते, फळाचा गोडवा कमी. मला आवडली, चुलत भावाला ती दुसरी आवडली. पण बाग आता काढायची नाही यावर त्याचं पण एकमत झालं. यंदा तुटाळ, म्हणजे मेलेल्या वेलींच्या रिकाम्या जागा, भरतोय, याच बागेतल्या चांगल्या वेलींच्या काड्या डॉगरिज या खुंटावर बांधून. त्या नव्या झाडांचा माल काही वर्षं वेगळाच तोडायचा आणि या टाकीत घालायचा नाही, हे वायनरीच्या करारात पण लिहून घेतलंय.