ओट्याच्या फडक्यासाठी सूत: पावसाळ्यातली नोंद

मागच्या वेळी ठरवलं होतं तसं, निरनिराळ्या सुतांचे एकाच मापाचे तुकडे विणून ओट्यावर रोजच्या वापरात टाकले. सगळे आठ नंबरच्या, म्हणजे ४ मिमीच्या सुयांवर, सगळे सुलट टाके, वीतभर चौकोन. पावसाळा मुद्दाम गाठला. पाणी टिपणारं सूत बाजारात सहज मिळतं. टिपलेलं पाणी रात्रीतून सोडून सकाळी कुबट वास न येणारं सूत शोधायला मात्र मुंबईतला जुलैच हवा.

जाडीचा निकाल सगळ्यात आधी लागला. आठ पदरी जाड सूत विणायला फार सुखाचं, भराभर वाढतं, हाताला गुबगुबीत लागतं. पण खिडकीच्या दांडीवर रात्रभर वाळत घातलं तरी सकाळी मधोमध दमटच. चार पदरी सूत त्याच सुयांवर जरा सैल विणलं, तर टाक्यांमधून वारा खेळतो आणि ते सकाळपर्यंत कोरडं होतं. त्यामुळे पावसाळ्यासाठी माझी निवड पातळ सूत, सैल वीण. जाड फडकी दिवाळीनंतर.

आता चकाकणारं सूत. क्रोशाचा मर्सराइज्ड, म्हणजे कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया केलेला दोरा पुष्कळजणी फडक्यांनाही वापरतात. जॉन मर्सर यांना १८४४ मध्ये दिसलं की कॉस्टिक सोड्यात कापसाचे तंतू फुगतात, बळकट होतात आणि रंग जास्त धरतात. चकाकी आली ती १८९० मध्ये, होरेस लो यांनी ही प्रक्रिया सूत ताणून धरून केली तेव्हा. तंतू म्हणून मर्सराइज्ड कापूस पाणी कमी शोषतो असं नाही. पण हा दोरा घट्ट पिळाचा आणि गुळगुळीत असतो, त्यामुळे ओट्यावरचं पाणी पहिल्या फटक्यात उचललं जात नाही, पुढे ढकललं जातं. काचेचे पेले पुसायला मात्र तोच उत्तम, कारण बारीक तूस मागे राहत नाही. ओट्यासाठी मला बिनचकाकीचं, थोडं केसाळ सूतच हवं.

हे तूस का पडतं, हेही सूत घेताना पाहायला हवं. आखूड तंतूंच्या कापसाचं सूत वापरात तंतू सोडत राहतं, ओल्या स्टीलवर ते लगेच दिसतात. तंतूची लांबी, बळकटी हे सगळं मोजणारी प्रयोगशाळा आपल्या माटुंग्यातच आहे, १९२४ पासून. आपल्याला घरी धाग्याचा पीळ सोडवून तंतू बोटांनी ओढून बघता येतात. लांब तंतू हळूहळू सरकतात, आखूड असतील तर धागा लगेच सुटतो.

भुलेश्वर, क्रॉफर्ड मार्केटला सुटी लड घेताना "प्युअर कॉटन आहे, ताई" हे ऐकलं तरी दोन परीक्षा मी करतेच. पहिली जाळून. कापूस कागदासारखा जळतो, वासही जळक्या कागदाचा, मागे मऊ करडी राख. ॲक्रिलिक मिसळलेलं असेल तर टोकाला काळी टणक गाठ होते. पण विस्कोस (रेयॉन), किंवा बांबूचं म्हणून विकलं जाणारं सूतही तसंच जळतं, कारण तेही कापसासारखं सेल्युलोजच, म्हणजे वनस्पतींच्या तंतूंचा मूळ पदार्थ. तिथे पाणी कामाला येतं. धागा मधोमध ओला करून दोन्ही टोकांनी ओढायचा. विस्कोस ओल्या जागी तुटतो. कापूस ओला झाल्यावर उलट अधिक बळकट होतो. दिवसभर पिळल्या जाणाऱ्या फडक्याला हाच गुण लागतो.

कोऱ्या, न धुतलेल्या सुताबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगते. कापसावर नैसर्गिक मेण असतं, त्यामुळे नव्या फडक्यावर पाण्याचा थेंब मोत्यासारखा उभा राहतो. सूत वाईट समजून टाकू नका. धुण्याच्या सोड्यात उकळून घ्या, मेण निघतं आणि थेंब पडताच आत जिरतो. फडकं आटतंही, म्हणून कडेला दोन-तीन टाके जास्त घाला.

रंगाचं थोडक्यात: पांढऱ्यावरची हळद उन्हात उडते, पण ऊनच नसतं तेव्हा डाग तसाच राहतो, साबण लागला की लाल होतो. पावसाळ्यात मोहरी किंवा विटकरी रंग बरा. गडद रंगाचं सूत ओलं करून पांढऱ्या रुमालावर घासून पाहिल्याशिवाय विणू नका.

पुढचा प्रयोग सोलापूरकडच्या, टॉवेल विणायच्या कोनवरच्या सुताचा. ते आहे दोन पदरी २० काउंट. २० काउंट म्हणजे एका पौंडात ८४० यार्डांच्या २० लडी. दोन पदर झाल्यावर पौंडाला ८,४०० यार्ड उरतात. असे सहा धागे एकत्र धरले की पौंडाला १,४०० यार्ड, म्हणजे १०० ग्रॅमला साधारण २८० मीटर. हाताच्या विणकामाला हवी तशी मध्यम जाडी. पदर मोकळे असल्याने पाणी लवकर आत शिरेल आणि लवकर सुटेलही, अशी माझी अटकळ आहे. फडकं कोपऱ्यातून चार टाक्यांनी सुरू करून तिरपं वाढवते आहे. तसं केलं की सूत किती पुरेल याचा हिशेब लागत नाही, अर्धं वजन संपलं की टाके कमी करायला लागायचं. सहा सुटे धागे सुईच्या टोकाने फाटू नयेत म्हणून जरा बोथट टोकाच्या सुया काढल्या आहेत.