ओट्यावरचं कडं

दुपारी तीनच्या सुमाराला स्वयंपाकघरात ऊन तिरपं येतं आणि तेव्हाच ते दिसतं. एरवी नाही. काळ्या कडप्प्यावर, कॉफीच्या फिल्टरच्या बुडाएवढं गोल कडं.

"हे काऊन जी?" बायकोनं विचारलं. उत्तर तिला माहीत होतं.

आमच्याकडे चहा सगळ्यांचा, कॉफी माझ्या एकट्याची. म्हणून ओट्याच्या कोपऱ्यात दीड वीत जागा मला तोडून मिळाली आहे. पण माझी पूड धुरा ओलांडून तिच्या मिठाच्या बरणीपर्यंत जाते, आणि शेताच्या धुऱ्यावरून गावात काय काय होतं ते सांगायला नको. पूड चिखलदऱ्याची. परतवाड्याहून घाट चढला की १,१०० मीटरवर कॉफी पिकते, तरी घरी आलेला माणूस वास घेऊन विचारतो, "मद्रासची काय?"

फिल्टरचं शास्त्र सोपं. वरच्या डब्यात पूड दाबायची, उकळतं पाणी ओतायचं आणि खाली अर्क उतरेपर्यंत पंधरा-वीस मिनिटं हात लावायचा नाही. मी लावतो. किती उतरला ते बघायला वरचा डबा उचलतो, आणि तिथेच थेंब ओघळतो.

कडं काढायला लिंबू चोळलं. पितळ चिंचेनं लखलखतं, मग ओट्यानं काय घोडं मारलंय? पण कडप्पा पडला चुनखडीचा दगड, आंबटाशी त्याचं हाडवैर. कडं फिकं झालं आणि भोवती हाताएवढा पांढरा चट्टा उमटला. खोबरेल तेलाचा हात फिरवला की दोन दिवस लपतो. आता फिल्टर ताटलीत ठेवतो, शेजारी ओलं फडकं. वरातीमागून घोडं.

लहानपणी कॉफी म्हणजे कोणी आजारी पडलं की, नाहीतर मुंबईचा पाहुणा आला की. आई सहाणेवर जायफळ उगाळायची. जायफळानं झोप यायची, कॉफीनं उडायची. पिणारा जिथल्या तिथे. चुलीवर ती हमखास उतू जायची. दूध जळल्याचा वास, राखेत चर्र आवाज, आणि ओट्यावरून खाली आलेला तपकिरी ओघळ. आई त्याच्याकडे बघायचीही नाही. सकाळी पांढरी माती कालवून पोतेरं फिरवलं की ओटा कोरा. म्हणजे डाग जायचा नाहीच, खाली गाडला जायचा. त्या ओट्याच्या पोटात चाळीसेक वर्षांचं दूध, वरण, ताक असणार, थरावर थर. आमच्या कडप्प्याला ही सोय नाही.

जुन्या घरातल्या त्या खोलीत आता कुटाराची पोती असतात. परवा एक ओढलं तर मागे चूल. ओट्याला भेगा गेल्या आहेत, एका कोपऱ्याचा पोपडा निघालाय. पण शेवटचं पोतेरं अजून आहे, चार बोटांनी ओढलेले अर्धगोल, एकात एक. वर बोटभर धूळ. पुसायला म्हणून खांद्यावरचा दुपट्टा काढला.

मग तो तसाच परत खांद्यावर टाकला आणि पोतं होतं तिथे ढकललं.