रेकॉर्ड रूमची कडी

जूनमध्ये आमच्या बँकेच्या शाखेत पाय ठेवायला जागा नसते. पीककर्जाचं नूतनीकरण, सातबारा, आठ-अ, अंगठे, सह्या. घाटंजी तालुक्यातलं गाव, खातेदार बहुतेक कापूसवाले. रजा संपवून मी नेमकी याच गर्दीत रुजू झाले. कायद्यानं 26 आठवडे मिळतात खरे, पण त्यातले काही बाळंतपणाआधीच गेले. म्हणजे पोरगी सहा महिन्यांचीही झालेली नाही, वरचं काही सुरू नाही, आणि मी कॅश काउंटरवर.

बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा दूध पाजायला सुट्टी, असंही कायदा सांगतो. छान आहे. पण घर तालुक्याला आणि मधे एसटी. त्या सुट्टीत मी जाणार कुठं? पाळणाघराची सक्ती 50 किंवा जास्त माणसं असतील तिथंच. आमच्याकडं शिपाई धरून हाताच्या बोटांवर मोजावीत एवढी माणसं. म्हणून दूध काढायचा पंप.

पंप कुठं वापरायचा, हा खरा प्रश्न. बाथरूममध्ये मी काढणार नव्हते. तिथं बसून कोणी डबा खातं का? मोठ्या एसटी स्टँडवर हिरकणी कक्ष असतो, बँकेत काही नसतं. उरली रेकॉर्ड रूम. जुन्या व्हाउचरचे गठ्ठे, धूळ, एक पंखा, पण आतून कडी नाही. मॅनेजर साहेबांना सांगितलं तर ते माझ्यापेक्षा जास्त लाजले. कडी मात्र दुसऱ्या दिवशी बसली.

नणंदेनं पुण्याहून बॅटरी नसलेला इलेक्ट्रिक पंप पाठवला होता. महागाचा. आमच्याकडं लाइन कधी जाईल त्याचा नेम नाही, आणि असली की त्याची घरघर काउंटरपर्यंत ऐकू यायची. आता हातानं दाबायचा साधा पंप वापरते. त्यातली सिलिकॉनची इवलीशी झडप नीट बसली नसेल तर कितीही दाबा, ओढ लागत नाही. तोंडाची वाटी मापाची नसेल तर बोंडं सोलून निघतात. आणि पंप घरी राहिला तर नुसता हात पुरतो: आधी चोळून मोकळं करायचं, मग काळ्या भागाच्या मागं बोटं ठेवून छातीकडं दाबायचं आणि मग पिळायचं. मोबाइलवर पोरीचा व्हिडिओ लावला की पान्हा लवकर फुटतो. न काढता तसंच राहिलं तर दूध दाटतं, गाठी होतात, ताप येतो, आणि हळूहळू दूधही आटतं.

ठेवायचं कसं? 25 अंशांपर्यंतच्या खोलीत काढलेलं दूध चार तास टिकतं म्हणतात. आमच्या रेकॉर्ड रूमला 25 अंश माहीतच नाहीत. मी बर्फाच्या पिशव्या घातलेली थर्मल बॅग नेते. बर्फ गोठलेला असला तर त्यात एक दिवस निभतो. फ्रिजमध्ये चार दिवस चालतं, पण लाइनच्या भरवशावर मी दुसऱ्या दिवसाच्या पुढं नेत नाही.

सासूबाईंना हे सगळं पहिल्यांदा पटेना. “काऊन वं, हे तर फाटलं!” साय वर आली होती, एवढंच. बाटली गरम पाण्यात धरून हलक्या हातानं फिरवली की एकजीव होतं. गॅसवर उकळायचं नाही. त्यांचा काळ निंदणाचा. धुऱ्यावर बाभळीला झोळी, आणि उन्हातून आल्यावर पहिलं दूध मातीत पिळून टाकायचं, मग पाजायचं, अशी रीत. छातीतलं दूध उन्हानं तापत नाही की नासत नाही, हे आशाताईंनी सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “किती सांडलं वं माय आम्ही.”

बाटलीनं पाजायला मात्र त्यांनी साफ नकार दिला. वाटी-चमच्यानं पाजतात, आणि त्यात त्यांचंच बरोबर आहे. बाटलीच्या बोंडल्यात घाण अडकते, पावसाळ्यात हगवणीला ते निमित्त पुरतं.

परवा बचत गटाची एक बाई पासबुक भरायला आली. मागं रांग. काचेतून वाकून हळूच विचारलं, “मॅडम, ते दूध काढाचं मशीन कितीले भेटते?”

“मशीनचं मग पाहू,” मी म्हटलं. “रविवारी घरी ये, आधी हातानं काढाले शिकवतो.”