दोन अंशांचा फरक

काणकोणच्या राजबाग गोल्फ मैदानावर माझा सात नंबर आयर्नचा (धातूच्या पात्याच्या क्लबचा, म्हणजे गोल्फच्या काठीचा) चेंडू सतत लक्ष्याच्या उजवीकडे जात असे आणि कित्येक महिने मी त्याचा दोष स्वतःच्या स्विंगलाच देत राहिलो. अखेर एका मित्राच्या सल्ल्यावरून चेंडूवर मार्करने जाड उभी रेघ ओढली आणि ती क्लबच्या पात्यासमोर येईल असा चेंडू ठेवून फटका मारला. पात्यावर उमटलेल्या रेघेचे वरचे टोक हीलकडे (पात्याच्या दांड्याजवळच्या बाजूकडे) झुकलेले होते, म्हणजेच माझ्या उंचीच्या मानाने लाय अँगल (दांड्याचा जमिनीशी होणारा कोन) फार सपाट होता. उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या बाबतीत अशा वेळी पात्याचा रोख उजवीकडे वळतो. लॉफ्ट (पात्याचा मागे झुकलेला कोन) जितका जास्त तितका हा परिणाम मोठा, म्हणून लांब आयर्नपेक्षा वेजमध्ये (जास्त लॉफ्टच्या आखूड क्लबमध्ये) तो अधिक जाणवतो.

माझा संच फोर्ज्ड (ठोकून घडवलेला), तुलनेने मऊ पोलादाचा असल्याने कारागिराने क्लब यंत्रात घट्ट पकडून प्रत्येक आयर्नचा होझेल (पाते दांड्याला जोडणारा भाग) २ अंशांनी उभा केला आणि लॉफ्ट पुन्हा तपासला. कठीण पोलादाच्या ओतीव क्लबवर हा प्रयोग जपूनच करावा, कारण होझेल तुटू शकतो. शाफ्टची (दांड्याची) लांबी मात्र मी वाढवू दिली नाही. पुढच्या रविवारी त्याच मैदानावर तीच रेघ सरळ उमटली, तेव्हा मला मनापासून आनंद झाला.