उरलेल्या पानांची वही

आईवडिलांबद्दल बोलायची वेळ आली की माणसं एकदम गहिवरतात. षष्ट्यब्दी असो की सहस्रचंद्रदर्शन, माइक हातात आला की खस्ता, काबाडकष्ट, पोटाला काढलेला चिमटा हे सगळं ओळीने येतं. खोटं नसतं ते. पण अण्णांसमोर मी असं बोललो, तर ते चष्मा पुसत विचारतील, "कोणाबद्दल चाललंय?"

मला आधी आठवतो तो मे महिन्यातला आमच्या घरचा वह्यांचा कारखाना. परीक्षा संपली की आम्हा भावंडांच्या वह्या अण्णांच्या ताब्यात. पिना उचकटून कोरी पानं अलगद सोडवायची. एकेरी, दुहेरी, चौकटीची असे वेगळे गठ्ठे लावायचे. कमी पडलं तर बाजारातून दस्ता यायचा, म्हणजे २४ ताव. मग दाभण, मेण ओढलेला दोरा आणि "पंखा बंद करा रे" अशी आरोळी. खळ आईकडे. मैदा पाण्यात कालवून मंद आचेवर, गुठळी होऊ न देता, आणि कसर लागू नये म्हणून वर चिमूटभर मोरचूद. मोरचूद विषारी, त्यामुळे त्या पातेल्याला पुन्हा स्वयंपाकघरात प्रवेश नसे. ते वर्षभर माळ्यावर. कव्हरं दुकानदारांनी वाटलेल्या जुन्या कॅलेंडरांची, कोरी बाजू बाहेर. त्यावर नाव, इयत्ता, तुकडी आईच्या अक्षरात, कारण अण्णांचं अक्षर अण्णांनाही लागत नसे.

पुस्तकं वरच्या वर्गातल्या मुलाकडून निम्म्या किमतीत. बालभारती १९६७ साली निघाली, तेव्हापासून ती नेमका आपल्याच मुलांच्या वर्षी अभ्यासक्रम बदलते, असं अण्णांचं ठाम मत होतं. नवी पुस्तकं घ्यावी लागली की दोन दिवस घरात बालभारतीचा उद्धार चाले. आमच्या शाळेच्या खर्चाबद्दल अण्णा मोठ्याने बोललेले मला आठवतात ते एवढंच.

हा सगळा पैसे वाचवायचा खटाटोप होता, हे आता घरचा जमाखर्च माझ्या हातात आल्यावर कळतं. तेव्हा कळलं नाही, कारण त्यात कुठे ओढाताण दिसतच नव्हती. वही दुकानातल्या वहीपेक्षा सरस निघायची. उघडली की सपाट बसायची, पान सुटायची बिशाद नव्हती. आणि अण्णांना त्यात मजा यायची, हे तर उघडच होतं. शेवटची गाठ मारून झाली की ते वही टेबलावर आपटून बघत आणि आईला हाक मारून दाखवत. आई "बरी झालीय" म्हणे, म्हणजे उत्तम. उपकार केल्याचा सूर त्या घरात कुणाला लावताच येत नव्हता. त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे, कष्टांपेक्षाही जास्त.

माझ्या मुलीच्या शाळेतून वह्यांचा संच कव्हरासकट येतो. मी फोनवरून पैसे भरतो, संपलं. बरंच आहे, मला दाभण धरता येत नाही.

अण्णांचं लक्ष मात्र अजून या खात्यावर असतं. २०२३ साली दप्तराचं ओझं कमी व्हावं म्हणून सरकारी पाठ्यपुस्तकांतच वहीची कोरी पानं घातली, तेव्हा त्यांनी पेपर खाली ठेवून विचारलं, "आणि वर्षाअखेर उरलेली पानं काढायची कशी? पुस्तक उसवायचं?" पुढे २०२५ च्या जानेवारीत ती पानं बंद करायचं ठरलं. ऐन मीटिंगमध्ये त्यांचा फोन. "झालं बंद. मी म्हटलंच होतं." मागून आई सांगत होती, "अहो, तो कामात असेल, ठेवा आता." त्यांनी ठेवला नाही. मला बालभारतीचा १९६७ पासूनचा सगळा इतिहास ऐकावा लागला.