सील फोडल्याशिवाय छपाई कळत नाही, आणि फोडलं की पुस्तक परत जात नाही

आमचा पुण्यातला डंजन्स अँड ड्रॅगन्सचा, म्हणजे पात्रं घेऊन फाशांवर खेळायच्या गोष्टीच्या खेळाचा, ग्रुप अजून 2014च्याच नियमांवर खेळतो आणि सध्या डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, मी आहे. नवीन कॅम्पेन, म्हणजे लांबलचक मोहीम, सुरू करण्याआधी मला एवढंच हवं होतं, की टेबलावरच्या सगळ्या 'प्लेअर्स हँडबुक'मध्ये, म्हणजे नियमांच्या पुस्तकात, एकच मजकूर असावा. इराटा, म्हणजे दुरुस्त्यांची पीडीएफ, प्रकाशक फुकट देतो. ती उतरवून घेतली, छापली, झालं. माझं डोकं फिरवलं ते पुस्तक विकणाऱ्यानं.

आधी कारण सांगतो, नाहीतर 'एवढं काय त्यात' असं वाटेल. कंटेजन हा रोग लावणारा पाचव्या लेव्हलचा स्पेल, म्हणजे मंत्र. जुन्या छपाईत असं आहे की फटका लागला की तुम्ही निवडलेला रोग शत्रूला होतो, आणि तीन सेव्ह, म्हणजे बचावासाठी टाकलेले फासे, हुकले की तो सात दिवस टिकतो. मग रोगाचा त्रास पहिल्या फटक्यापासून सुरू होतो की तीन सेव्हनंतर? यावर जगभरच्या टेबलांवर भांडणं झाली. पहिल्या फटक्यापासून धरलं तर सरळ 'स्लाइमी डूम' निवडायचा. त्यात शत्रूला नुकसान झालं की तो स्टन होतो, म्हणजे सुन्न पडतो. सगळ्यांनी आळीपाळीनं मारत राहायचं, समोरच्या ड्रॅगनला काही करताच येत नाही. नोव्हेंबर 2018च्या इराट्यानं हे मिटवलं: आधी फक्त पॉइझन्ड, म्हणजे विषबाधा, तीन सेव्ह हुकले तरच रोग. आमच्याकडे ड्रुइडचं पात्र खेळणाऱ्याच्या हातात जुनी प्रत, क्लेरिकचं पात्र खेळणाऱ्याच्या हातात नवी. दोघंही ओळीवर बोट ठेवून भांडत होते आणि दोघांचंही छापील होतं.

ग्रुपची सामायिक प्रत तर पार खिळखिळी झाली होती. म्हणून वर्गणी काढून नवी घ्यायचं ठरलं. अट एकच, दहावी छपाई किंवा त्यानंतरची, कारण 2018च्या दुरुस्त्या तिथपासून आतच छापल्या आहेत.

आता गंमत बघा. मुखपृष्ठ तेच. आयएसबीएन तोच. किंमत तीच. फरक कळतो तो फक्त आत, कॉपीराइटच्या मजकुरात, बारीक अक्षरातल्या आकड्यांच्या ओळीवरून. त्यातला सगळ्यात लहान आकडा म्हणजे तुमची छपाई. आणि पुस्तक येतं प्लास्टिकमध्ये सीलबंद.

म्हणून मी ऑर्डर देण्याआधीच विक्रेत्याला चॅटवर विचारलं, कुठली छपाई आहे?

"सर, फिफ्थ एडिशन आहे."

एडिशन नाही हो, प्रिंटिंग.

"सर, आयएसबीएन मॅच होतोय."

तो सगळ्याच छपायांना मॅच होतो. दहावी किंवा त्यापुढची आहे का, एवढंच सांगा.

"येस सर, लेटेस्ट प्रिंटिंग आहे. शंभर टक्के."

पुस्तक आलं, सील फोडलं, सगळ्यात लहान आकडा 6. परत करायला गेलो तर ॲपमध्ये कारणांची यादी: फाटलेलं, चुकीची वस्तू, पानं गायब. 'जुनी छपाई' असं कारण कुणाच्या बापाला सुचणार? 'चुकीची वस्तू' निवडली. न्यायला आलेल्या मुलानं मुखपृष्ठ फोटोशी ताडून पाहिलं आणि म्हणाला, "सर, सेमच तर आहे. आणि सील तुटलंय. ॲपमध्ये 'सील शाबूत' यावर टिक केल्याशिवाय पुढचं पान उघडतच नाही." त्या पोराचा काय दोष, त्याला पाणी देऊन परत पाठवला.

मग फोन. दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून पुराण. एकानं कॉपीराइटच्या पानाचा फोटो मागवला आणि विजयी सुरात वाचून दाखवलं, "फर्स्ट प्रिंटिंग ऑगस्ट 2014 लिहिलंय सर, म्हणजे ओरिजिनल आहे." अरे बाबा, ती पहिल्या छपाईची तारीख, ती नंतरच्या प्रतींवरही तशीच राहते! दुसरीनं शांतपणे समजावलं की उघडलेलं पुस्तक वापरलेलं समजलं जातं. बरं, न उघडता आतली ओळ कशी वाचायची? "सर, ते पॉलिसीमध्ये नाहीये." जात पडताळणीच्या रांगेत उभं राहून आलेला माणूस मी, पण हे उत्तर ऐकून गप्पच झालो.

शेवटी सुटलं ते त्या चॅटमुळे. 'लेटेस्ट, शंभर टक्के' या वाक्याचा स्क्रीनशॉट मी जपून ठेवला होता. तो आकड्यांच्या ओळीच्या फोटोशेजारी लावून तक्रार वर पाठवली आणि पूर्ण पैसे परत आले. तेव्हा असली चौकशी फोनवर करूच नका, लेखी घ्या.

दुसरी प्रत मुंबईतल्या एका छोट्या दुकानातून घेतली. मालक स्वतः खेळणारा. प्रश्न संपायच्या आत त्यानं शेल्फवरची उघडी प्रत काढून आकडा फोनवर वाचून दाखवला. दहाच्या पुढचा होता. इतकं हायसं वाटलं की गरज नसताना फाशांचा एक सेटही घेऊन टाकला.

छपाईची ओळ सापडत नसेल तर कंटेजनचं पान उघडा. पहिल्याच परिच्छेदात 'पॉइझन्ड' दिसलं तर मजकूर 2018 नंतरचा. शस्त्रांच्या तक्त्यात 'अनआर्म्ड स्ट्राइक' ही ओळ असेल तर प्रत अगदी सुरुवातीची, 2015च्या दुरुस्तीआधीची.

फुकटच्या एसआरडीवर, म्हणजे प्रकाशकानं खुल्या केलेल्या निवडक नियमांवर, मात्र विसंबू नका. जानेवारी 2023 मध्ये एसआरडी 5.1 क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली खुला झाला खरा, पण त्यात कंटेजन जुनाच आहे. त्यावर बेतलेल्या साइट्सवरही तेच. आमच्या ड्रुइडनं एकदा तोच पुरावा म्हणून फोन नाचवला होता. नियम लिहिणाऱ्यांपैकी एक, जेरेमी क्रॉफर्ड, याच्या जुन्या ट्वीट्सचंही तेच. 2019 पासून त्यांना अधिकृत निर्णयाचा दर्जा नाही, तो फक्त 'सेज ॲडव्हाइस कंपेंडियम' या प्रकाशकाच्या प्रश्नोत्तरांच्या संकलनाला.

'एवढा त्रास घेण्यापेक्षा 2024चं नवीन हँडबुक घ्या' असं सांगणारे भेटतात. घ्या की. त्यात कंटेजन पुन्हा नव्यानं लिहिलाय, आता थेट 11डी8, म्हणजे आठ बाजूंच्या अकरा फाशांइतकं, नेक्रॉटिक डॅमेज. पण त्या पुस्तकालाही लगेच 2025 मध्ये दुरुस्त्या आल्या. 'कंज्युअर मायनर एलिमेंटल्स' या स्पेलचं वाढीव डॅमेज दर लेव्हलला 2डी8 होतं, ते 1डी8 केलं. म्हणजे तिथेही सील फोडून आकडा बघणं आलंच.

ड्रुइडच्या जुन्या प्रतीत मी चिठ्ठ्या चिकटवल्या. ग्लू स्टिक वापरा, फेव्हिकॉलनं पान फुगतं. चिठ्ठी एकाच कडेला लावा म्हणजे खालचा जुना मजकूरही वाचता येतो. आणि इराट्याची तारीख तिच्यावर पेन्सिलीनं लिहा. पीडीएफ बदलली की कुठली चिठ्ठी काढायची ते लगेच कळतं.