दादर, रविवार आणि पेन्सिलीने खोडलेली ओळ

रविवार, रात्री उशिरा

नाशिकहून सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने दादर गाठलं. सुट्टीचा दिवस, त्यामुळे पासवाल्यांची गर्दी नाही, खिडकीही मिळाली. कार्यक्रम अकराचा होता, म्हणून आधी छबिलदास शाळेच्या गल्लीत उभ्याउभ्या वडापाव खाल्ला. याच शाळेच्या हॉलमध्ये सत्तरच्या दशकात प्रायोगिक नाटकं व्हायची. आज गल्लीत भाजी, गजरे, मोबाइलची कव्हरं आणि तोंडाने वाट काढत जाणारे हमाल. मला दादर असंच बरं वाटतं.

तिथून दहा मिनिटांवर एका छोट्या सभागृहात बाईंच्या नव्या कथासंग्रहाचा कार्यक्रम. (नाव लिहीत नाही. रोजनिशीत तरी त्या माझ्यासाठी नुसत्या ‘बाई’च.) प्रास्ताविक झालं, शाल-श्रीफळ झालं, कुणीतरी ‘मराठी वाचक कुठे गेला’ हे भरलेल्या सभागृहाला विचारून घेतलं. मग बाई वाचायला उभ्या राहिल्या.

मी नुकतीच घेतलेली प्रत मांडीवर उघडून ओळीवर बोट ठेवून ऐकत होते. दुसऱ्याच परिच्छेदात बोट अडलं. पुस्तकात छापलंय, ‘तिला वाटलं, आता सगळं संपलं.’ बाईंनी ते वाचलंच नाही. सरळ पुढचं वाक्य: ‘तिने गॅस बंद केला.’ वाटलं, वयामुळे ओळ सुटली असेल. पण पान उलटल्यावर एक उपमा गाळली, आणि शेवटाकडे तर अख्खा संवाद. सुटल्या नव्हत्या त्या ओळी. आणि खरं सांगायचं तर त्या नसताना कथेतली ती स्वयंपाकघरातली बाई मला जास्त दिसली.

स्वाक्षरीसाठी रांग लागली. माझ्यापुढे एक आजोबा होते. त्यांच्या हातात बाईंचं जुनं पुस्तक, पुठ्ठा बांधलेलं, आत वाचनालयाचा जांभळा शिक्का. “माझं नाही, लायब्ररीचं आहे. पण सही द्या, पुढचे वाचतील तेव्हा त्यांना बरं वाटेल.” बाई खळखळून हसल्या आणि शिक्क्याच्या खालीच लिहिलं, ‘यानंतर नेणाऱ्यास, सस्नेह’. नाशिकचं आमचं सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं. तिथल्या कपाटांत अशी किती पुस्तकं असतील कोण जाणे. पुढच्या वेळी पहिली पानं उलटून बघणार आहे.

माझा नंबर आला. शाई कागदावर पसरते म्हणून बाई साध्या बॉलपेनने सही करत होत्या. धीर करून विचारलं, “मघाशी वाचताना काही वाक्यं गाळलीत ना?”

त्यांनी मान वर केली. “लिहिता वाटतं तुम्ही?”

“थोडंफार.”

मग त्यांनी वाचायची प्रत माझ्याकडे सरकवली. समासात पेन्सिलीच्या खुणा, वाक्यांवर आडव्या रेघा, एके ठिकाणी खोडून परत ‘राहू दे’ लिहिलेलं. कोऱ्या करकरीत, किंमत छापलेल्या पुस्तकात!

“दुसरी आवृत्ती निघाली तर सुधारेन,” त्या म्हणाल्या. “नाही निघाली तर निदान मोठ्याने वाचताना तरी मला लाज वाटणार नाही.”

मागच्यांनी घसा खाकरला, मी बाजूला झाले. काटछाट करा, काटछाट करा हे ऐकून कान किटलेत. प्रत्येक कार्यशाळेत एक तरी गृहस्थ ते सांगतातच. पण तिकडे सगळे बोलतात ते हस्तलिखिताबद्दल. आपल्याकडे कथासंग्रहाची हजाराची आवृत्ती संपायला किती काळ लागतो ते सर्वांना ठाऊक आहे. तरी ही बाई, सत्तरी ओलांडलेली, छापून झालेल्या वाक्यावर पेन्सिल चालवते, कदाचित कधीच न निघणाऱ्या आवृत्तीसाठी. मी मात्र वर्षभर एक कथा ‘पुरी झाली’ म्हणून फाइलमध्ये ठेवलीय आणि कुठे पाठवत नाहीये.

परतीच्या गाडीला वेळ होता, म्हणून टॅक्सीने माटुंग्याला गेले. किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं चाळली. बहुतेक अभ्यासक्रमाची आणि परीक्षांची, मराठी हाताला लागलं नाही. समोरच्या उडुप्याकडे फिल्टर कॉफी मागवली आणि पिशवीतून ती कथा काढली. तिथेच, हलक्या आवाजात, वाचायला घेतली. शेजारच्या टेबलावरचे काका डोसा थांबवून ऐकू लागले तेव्हा आवाज आणखी उतरवला, पण वाचणं सोडलं नाही. मोठ्याने वाचलं की जीभ कुठे अडखळते ते कळतं. पहिल्याच पानावर पाऊस, आईचा आजार आणि नायिकेचं एकटेपण, तिन्ही मी नाव घेऊन सांगितलेत. कशाला? आई खोकतेच आहे की.

पंचवटीत बसल्यावर पेन्सिल नव्हती, पेनच होतं, त्यामुळे जे खोडलं ते खोडलंच. कसारा यायच्या आत पहिलं पान निम्मं झालं. पावसाची एक ओळ मात्र इगतपुरीनंतर समासात परत लिहून घेतली. ती चांगली आहे.